५०२ येतोय, पण फक्त रात्री आणि फक्त पोस्टला. कनेक्शन धरून ठेवायचं का सोडून द्यायचं?

रात्रपाळी_गणू

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अगदीच गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. आमचं कोल्हापूर-सांगली पट्ट्यात दूध संकलनाचं सॉफ्टवेअर चालतं. सकाळ-संध्याकाळ लोक केंद्रावर दूध घालतात, लिटर, फॅट, एसएनएफची नोंद होते आणि ती आमच्या सर्व्हरला येते. पुढं एनजिनएक्स (आलेली रिक्वेस्ट मागं पोचवणारा प्रॉक्सी सर्व्हर), मागं वेगळ्या मशीनवर नोड (जावास्क्रिप्टमधला आमचा मुख्य प्रोग्राम, नोंदी तोच घेतो). एवढंच आहे, फार मोठा पसारा नाही.

मागच्या महिन्यापर्यंत एनजिनएक्स प्रत्येक रिक्वेस्टला नोडकडं नवं कनेक्शन उघडायचा आणि काम झालं की बंद. संकलनाच्या वेळेला सगळी केंद्रं एकदम तुटून पडतात, तेव्हा लॉगमध्ये 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस' यायला लागलं. बघितलं तर टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरही पोर्ट काही वेळ अडवून ठेवणारी अवस्था) पंचवीस हजारांवर कनेक्शनं पडलेली. मग इकडं तिकडं वाचून अपस्ट्रीममध्ये (एनजिनएक्सच्या मागच्या बाजूच्या सेटिंगमध्ये) कीपअलाइव्ह ३२ टाकलं, म्हणजे कनेक्शन न मिटता पुन्हा वापरायचं, प्रॉक्सीचं एचटीटीपी व्हर्जन १.१ केलं, कनेक्शन हेडर रिकामा केला. सकाळचा प्रश्न मिटला, साहेबांनी चहा पाजला.

आता नवीन दुखणं. रोज २०-३० वेळा ५०२ (मागच्या सर्व्हरकडून धड उत्तर आलं नाही हा एरर). आणि गर्दीत नाही, रात्री ११ ते ४! गेटला (माहिती मागणारी रिक्वेस्ट) कधीच नाही, नेहमी पोस्टला (नोंद पाठवणारी). एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये 'अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन', कधी '१०४ कनेक्शन रीसेट बाय पीअर'. नोडच्या लॉगमध्ये त्या वेळेला काहीच नाही, रिक्वेस्ट आलीच नाही म्हणतोय. साहेब म्हणतात "तू घातलंस ते काढ". काढलं तर सकाळी बोंब, ठेवलं तर रात्री झोप नाही. काय करावं सुचंना झालंय.

कढीलिंब

रात्री दूध नासतं हे माहीत होतं, पोस्ट नासते हे आजच कळलं. खिक्.

सदाशिव_३०

मेमरी बघितली का? रात्री बॅकअपचा क्रॉन चालत असेल, त्यात नोड गुदमरत असणार. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

रात्रपाळी_गणू

@सदाशिव बॅकअप पहाटे ५ ला आहे हो. सीपीयू रात्री २ टक्क्यांवर झोपलेला असतो. आणि नोड रिस्टार्ट होत नाही, तेही बघितलं.

मुळामुठा

गणू, तुझ्या लक्षणांवरून बघता हा प्रकार लोड बिडचा नाही, दोघांच्या घड्याळांचा आहे. नोडच्या सर्व्हरचा कीपअलाइव्ह टाइमआउट डिफॉल्ट ५ सेकंद असतो. आठव्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ पासून तसाच आहे, त्याआधी २ मिनिटं होता. आणि एनजिनएक्स मागच्या बाजूचं रिकामं कनेक्शन डिफॉल्ट ६० सेकंद जपून ठेवतो. म्हणजे एनजिनएक्सला वाटतंय हे कनेक्शन अजून मिनिटभर आपलं, आणि नोड पाच सेकंदांत ते मिटतोय.

बहुतेक वेळा याने काही बिघडत नाही. नोडने बंद केलं की त्याचं फिन पॅकेट ('मी बंद करतोय' हा निरोप) येतं, एनजिनएक्स ते बघतो आणि कनेक्शन यादीतून काढून टाकतो. पण नोडने शटर ओढायला घेतलंय आणि नेमकं त्याच क्षणी गिऱ्हाईक वाकून आत शिरतंय असं झालं, तर? रिक्वेस्ट तारेवर निघालेली असते, समोरून फिन निघालेलं असतं, दोघं वाटेत एकमेकांना ओलांडतात. रिक्वेस्ट पोचते तेव्हा सॉकेट (कनेक्शनचं नोडकडचं टोक) मेलेलं असतं, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रीसेट पाठवतो. नोडच्या कोडपर्यंत काहीच आलं नाही म्हणून त्याच्या लॉगमध्ये काही नाही. नोड खोटं बोलत नाहीये.

नियम सोपा आहे, रिक्वेस्ट पाठवणाऱ्याने आधी सोडायचं. मागच्याने त्याच्यापेक्षा जास्त वेळ धरून बसायचं. तुझ्याकडे बरोब्बर उलटं आहे.

रात्रपाळी_गणू

ताई हे पटलं. पण मग दोन गोष्टी कळंना. दिवसा हजारो रिक्वेस्ट येतात तेव्हा का होत नाही? आणि गेटला का नाही? शटर तर दोघांनाही सारखंच.

देवगड_हापूस

गेटचं मी सांगतो. गेटलाही होतंय, तुम्हाला दिसत नाहीये इतकंच. जपून ठेवलेलं कनेक्शन मेलेलं निघालं तर एनजिनएक्स गुपचूप दुसरा प्रयत्न करतो. पोस्ट, पॅच असल्या रिक्वेस्ट मात्र एकदा पाठवून झाल्या की पुन्हा पाठवत नाही, १.९.१३ पासून तसं आहे. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये अपस्ट्रीमचा पत्ता छापायला लावा, ज्या ओळीत स्वल्पविराम देऊन पत्ता दोनदा दिसेल तिथं पहिला प्रयत्न फुकट गेलेला असतो.

बे_एके_बे

भाऊ, एवढं कायले डोकं लावून राह्यले? प्रॉक्सी नेक्स्ट अपस्ट्रीमच्या लाइनीत नॉन-आयडेम्पोटंट टाका न, पोस्ट पण सोताच पुन्हा पाठवते तो. झालं काम, जा झोपाले.

देवगड_हापूस

अहो थांबा थांबा! ते मुद्दाम बंद ठेवलंय. कनेक्शन तुटलं म्हणजे रिक्वेस्ट पोचलीच नाही असं एनजिनएक्सला खात्रीने सांगता येत नाही. गणूच्या या केसमध्ये पोचली नसेल. पण उद्या नोडने नोंद डेटाबेसात घातली आणि उत्तर द्यायच्या आत तो कोसळला, तरी एनजिनएक्सला दिसणार तेच, कनेक्शन तुटलं. मग तो पुन्हा पाठवणार आणि एका माणसाचं सकाळचं १२ लिटर दूध २४ होणार. दहा दिवसांनी बिल निघाल्यावर बघा मजा.

कढीलिंब

पाणी न घालता दूध वाढवायची नवी पद्धत.

बे_एके_बे

हे मात्र खरं हाय. माघार. 

आयटीतली_आत्या

पण बे_एके_बे अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत हं. पुन्हा पाठवणं वाईट नाही, पुन्हा *नोंदवणं* वाईट. केंद्र, तारीख, सकाळ-संध्याकाळची पाळी आणि पावती नंबर यांवर डेटाबेसात युनिक (तीच नोंद दुसऱ्यांदा घ्यायची नाही ही अट) लावलं आणि तीच नोंद परत आली तर 'ठीक आहे, आधीच मिळाली' असं उत्तर दिलं, की कोणीही कितीदाही पाठवू दे. गणू, केंद्रावरचं मशीन नेट गेलं की स्वतः परत पाठवत असणारच ना? मग हे तुमच्याकडे एव्हाना असायला हवं होतं.

रात्रपाळी_गणू

आत्या... नाहीये. पावती नंबर आहे, युनिक नाही. आत्ता क्वेरी मारून बघितली, मागच्या तीन महिन्यांत ११ नोंदी डबल आहेत. एकाचाही फोन आलेला नाही, दोनदा पैसे आले म्हणून कोण कशाला फोन करतोय! ह्ये साहेबांना उद्या सांगतो. का नको सांगू?

आयटीतली_आत्या

सांग. आणि बिल निघायच्या आत सांग.

जुना_खोडरबर

हे सगळं वाचून आमचे अपाचेचे (तेव्हाचा आमचा वेब सर्व्हर) दिवस आठवले. तेव्हा भांडण उलट बाजूचं असायचं, ब्राउझर आणि सर्व्हरमधलं. प्रीफोर्क मॉडेलमध्ये एका कनेक्शनला एक आख्खी प्रोसेस. ब्राउझरने पान घेतलं आणि कनेक्शन धरून बसला की ती प्रोसेस माशा मारत उभी. जुन्या अपाचेत कीपअलाइव्ह टाइमआउट १५ सेकंद होता, पुढं तो ५ झाला. आणि आम्ही तर सरळ बंदच करून टाकायचो. १९९७ साली एचटीटीपी १.१ आलं ते कनेक्शन चालू ठेवणं हाच मूळ नियम घेऊन, आणि आम्ही शहाणे तोच मोडून साइट 'वेगवान' करायचो. मग इगोर सिसोएवने लिहिलेला एनजिनएक्स २००४ ला बाहेर आला, एक वर्कर (त्याची एक प्रोसेस) हजारो रिकामी कनेक्शनं सहज सांभाळतो हे बघून आम्ही थक्क. पण गंमत बघा, तोच एनजिनएक्स मागच्या बाजूला मात्र वर्षानुवर्षं १.० ने बोलायचा, दर वेळी नवं कनेक्शन. अपस्ट्रीमचं कीपअलाइव्ह २०११ ला आलं. 

सदाशिव_३०

आजोबा, धाग्याचा विषय प्रॉक्सी आहे.

जुना_खोडरबर

मग मी काय पुरणपोळीची रेसिपी दिली का?

मुळामुठा

खोडरबर काका अगदी विषयावरच आहेत, चालू द्या. 

गणू, साहेबांना दाखवायला हा हिशोब घे. लिनक्समध्ये बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला मिळणारे पोर्ट डिफॉल्ट ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८,२३२. टाइम-वेट ६० सेकंदांचा, तो कर्नलमध्येच ठोकलेला आहे. भागाकार केला की सेकंदाला साधारण ४७०. एका एनजिनएक्सकडून एकाच नोडच्या एकाच पोर्टला याच्यावर नवी कनेक्शनं गेली की पोर्ट संपले. तुझी सकाळची बोंब ती हीच.

अर्धा_कप

थोडा कीस पाडतो, माफ करा. टाइम-वेट जो आधी बंद करतो त्याच्याकडे बसतो. नोडने आधी बंद केलं तर तो ढीग नोडच्या मशीनवर असेल, एनजिनएक्सचे पोर्ट अडकणार नाहीत. तेव्हा ४७० हा आकडा सरसकट लागू नाही.

मुळामुठा

@अर्धा कप, बरोबर. पण गणूला एरर एनजिनएक्सकडे आलाय, म्हणजे आधी बंद करणारा तोच. कंटेंट-लेंग्थ माहीत असेल तर पूर्ण उत्तर हातात पडल्या पडल्या एनजिनएक्स स्वतःच कनेक्शन मिटतो, समोरच्याची वाट बघत नाही.

अर्धा_कप

हं, हे मान्य. कीस थांबवतो.

बे_एके_बे

टाइम-वेटवरून आठोलं. आमच्या जुन्या कंपनीत एकानं कुठूनतरी वाचून टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल (टाइम-वेट लवकर मोकळं करायची कर्नलची सेटिंग) चालू केलं होतं. टाइम-वेट झटक्यात कमी, सगळे खूश. मंग एका गिऱ्हाईकाच्या हापिसातून तक्रार, निम्म्या लोकाईची साइट उघडते, निम्म्याईची नाही, अन् पाच मिनिटांनी उलटं. सगळे एकाच नॅटच्या (सगळ्याईले बाहेरचा एकच पत्ता देणारं यंत्र) मागं होते, टाइमस्टॅम्प जुळत नाही म्हणून कर्नल त्याईचे सिन (कनेक्शन सुरू करायचे) पॅकेट गुपचूप फेकून देत होता. आठ दिवस आम्ही त्याईच्या वायफायले शिव्या देल्या.

अर्धा_कप

म्हणूनच कर्नल ४.१२ मध्ये ते काढूनच टाकलं. अजूनही कित्येक लेखांत 'ही ओळ टाका' म्हणून सापडतं. टीडब्ल्यू रीयूज ही सेटिंग वेगळी, ते बाहेर जाणाऱ्या कनेक्शनपुरतं असतं, ते चालतं.

टोरांटोची_ठेचा

उशिरा आले. आमच्याकडे याचीच थोरली बहीण झाली होती. सर्व्हिस ए क्लाउडमधून नॅट गेटवेमार्गे बाहेरच्या एका एपीआयला बोलायची, पूल केलेली (उघडी ठेवून पुन्हा पुन्हा वापरायची) कनेक्शनं. सोमवारी सकाळी पहिल्या काही रिक्वेस्ट हमखास मरायच्या, नंतर आठवडाभर छान. कारण एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) नॅट गेटवेचा रिकाम्या कनेक्शनचा टाइमआउट ३५० सेकंद, हे त्यांच्या कागदांत स्वच्छ लिहिलंय, वाचलं नव्हतं ते आम्हीच. तो मधल्या मधे कनेक्शन विसरतो आणि दोन्ही टोकांना सांगत नाही! पुढच्या वेळी काही पाठवलं की मग रीसेट. आमचे एक सीनियर म्हणत होते, कीपअलाइव्ह चालू आहे की. चालू होतं, पण एचटीटीपीचं. टीसीपीचं कीपअलाइव्ह म्हणजे 'आहेस का रे' असं अधूनमधून विचारणारं पॅकेट, ते वेगळं, आणि लिनक्समध्ये चालू केलं तरी पहिला प्रश्न ७२०० सेकंदांनी विचारतो. दोन तास! तोवर नॅटने तेरावं घातलेलं असतं. आम्ही ते २०० सेकंदांवर आणलं. नाव एकच असल्यामुळे किती मीटिंगा वाया गेल्या याची गणती नाही.

कढीलिंब

ठेचा आणि टोरांटो. वाचूनच डोळ्यांत पाणी आलं.

सदाशिव_३०

मला एक कळलं नाही. गणूने कीपअलाइव्ह ३२ ठेवलंय. म्हणजे एका वेळी ३२ च कनेक्शनं जाणार ना? सकाळच्या गर्दीला ते कमी नाही का पडणार? मी असतो तर ५०० ठेवलं असतं.

देवगड_हापूस

नाही. हा गैरसमज फार जणांचा असतो, माझाही होता. ३२ ही कमाल मर्यादा नाही. काम संपल्यावर *रिकामी* किती कनेक्शनं जपायची त्याचा तो आकडा आहे, आणि तो प्रत्येक वर्करला वेगळा. ४ वर्कर असतील तर १२८ रिकामी. गर्दीत हवी तेवढी उघडतो, नंतर जास्तीची मिटतो. ५०० ठेवलं तर ८ वर्करांची ४००० रिकामी कनेक्शनं नोडने विनाकारण सांभाळायची. मर्यादाच घालायची असेल तर अपस्ट्रीममधल्या सर्व्हरच्या ओळीत मॅक्स-कॉन्स वेगळं आहे.

सदाशिव_३०

अच्छा. मग आमच्या प्रॉडक्शनला जे ५०० आहे त्याबद्दल मी काही बोललोच नाही असं समजा.

पिंपळपार

डेटाबेसवाल्यांना हसू येतंय. पोस्टग्रेसमध्ये एका कनेक्शनला एक प्रोसेस, डिफॉल्ट मर्यादा १००. तिथं पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून वापरणारा प्रोग्राम) मधे बसवून आम्ही हेच उद्योग पंधरा वर्षं करतोय. वेबवाले दर काही वर्षांनी नव्याने शोध लावतात.

अर्धा_कप

आणि त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं) प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरी) फुटतात म्हणून दर काही वर्षांनी तुम्ही नव्याने रडता :)

पिंपळपार

पीजीबाउन्सर १.२१ पासून चालतात हो! जखमेवर मीठ.

आयटीतली_आत्या

एक मिनिट. सगळे गेटवर बोललो, नॅटवर बोललो, पोस्टग्रेसवर बोललो, पण गणूच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. दिवसा का होत नाही? आणि त्याहून महत्त्वाचं, रात्री ११ ते ४ दूध कोण घालतंय? पोस्ट करतंय कोण?

मुळामुठा

आत्या, __/\__ हा प्रश्न मलाच आधी पडायला हवा होता.

रात्रपाळी_गणू

दूध कोणी घालत नाही. रात्री फक्त कूलर असतात. तीन केंद्रांवर बल्क कूलरला सेन्सर लावलेत, दूध ४ डिग्रीवर आहे का बघायला. ते तापमान पाठवतात. एक रीडिंग चुकलं की साहेबांच्या मोबाइलवर एसएमएस, आणि साहेबांचा मला फोन.

आयटीतली_आत्या

दर किती सेकंदांनी पाठवतात?

रात्रपाळी_गणू

दर ५.

रात्रपाळी_गणू

अरे देवा.

बे_एके_बे

हाण तिच्या मायला!!

टोरांटोची_ठेचा

ऑफिसात मोठ्याने हसले, शेजारचा बघतोय.

मुळामुठा

सापडलं तर. पाच सेकंदांनी नोड शटर ओढतो आणि पाच सेकंदांनीच कूलर दारात. दोघांची घड्याळं रोज रात्री हजारो वेळा एकाच ठोक्यावर येतात, त्यातला २०-३० वेळा क्षण जुळतो. उलट एवढे कमीच येतात याचं नवल. आणि दिवसा का नाही तेही यातच आलं. एनजिनएक्स सगळ्यात शेवटी परत ठेवलेलं कनेक्शन आधी उचलतो. गर्दी असली की वरची कनेक्शनं सतत वापरात, पाच सेकंद रिकामी राहतच नाहीत. तळाची राहतात ती निवांत बंद होतात, त्यांना कोणी हात लावत नाही.

सदाशिव_३०

मग कूलर ७ सेकंदांवर करा. विषय संपला.

देवगड_हापूस

आणि उद्या कोणी दुसरं काहीतरी पाच सेकंदांनी पाठवेल तेव्हा? घड्याळ सुधारा, गिऱ्हाईक नको. दोन रस्ते आहेत, नोडचा टाइमआउट ६० च्या वर न्या, नाहीतर एनजिनएक्सच्या अपस्ट्रीमचा ४ सेकंदांवर आणा.

अर्धा_कप

४ वर आणला तर कूलरला दर वेळी नवं कनेक्शन. चालेल, पण मग धरून ठेवण्यात अर्थ काय राहिला. नोड ६५ सेकंद करा. हेडर्स टाइमआउट (रिक्वेस्टचे हेडर यायची वाट बघायची मुदत) त्याच्याहून किंचित जास्त, ६६, जुन्या नोडमध्ये त्यावरूनही असेच रीसेट यायचे. आणि एनजिनएक्सच्या पुढे आणखी लोड बॅलन्सर असेल तर तिथंही हाच नियम, पुढच्याचा कमी, मागच्याचा जास्त.

रात्रपाळी_गणू

पुढं काही नाही, एनजिनएक्सच आहे. आज रात्री ६५ करतो. कळवतो.

रात्रपाळी_गणू (चार दिवसांनी)

मंडळी, तीन रात्री झाल्या, रात्रीचा ५०२ शून्य. लॉगमध्ये अपस्ट्रीमचा पत्ता पण छापायला लावला होता बदल करायच्या आधी, देवगड म्हणतात तसं गेटच्या ओळींत पत्ता दोनदा दिसत होता, आता नाही. डबल नोंदीचं साहेबांना सांगितलं, आधी गप्प बसले, मग म्हणाले ११ च कशा, नीट शोध. युनिक लावायचं काम चालू आहे.

एकच राहिलंय. नवीन व्हर्जन चढवताना नोड रिस्टार्ट करतो तेव्हा दोन-चार ५०२ येतातच.

आयटीतली_आत्या

ते वेगळं. नोडला सिगटर्म ('बंद हो' हा सिग्नल) आला की तो तडक मरतो, हातातलं काम टाकून. सिग्नल पकडून सर्व्हर क्लोज कर, चालू रिक्वेस्ट संपू दे, त्या उत्तरांत कनेक्शन क्लोज हेडर जाऊ दे म्हणजे एनजिनएक्स ते कनेक्शन परत ठेवणार नाही. आणि नोडच्या दोन प्रती चालव, एकेक करून बदल. एकच दुकान असेल तर बंद असताना गिऱ्हाईक जाणार कुठं.

रात्रपाळी_गणू

करतो. सगळ्यांचे आभार, झोप लागायला लागली.

कढीलिंब

पण त्या कूलरवाल्याने पाचच सेकंद का ठेवले होते?

रात्रपाळी_गणू

विचारलं. म्हणाला, डिफॉल्ट आहे.